वर्गाची जमीन कोणाची? आभासी जगातील विद्यापीठांचा चार दशकांचा इतिहास

१/
ऑक्टोबर २०१० मध्ये ‘लिंडन लॅब’ या अमेरिकी कंपनीने एक छोटेसे निवेदन प्रसिद्ध केले. तिच्या ‘सेकंड लाइफ’ नावाच्या आभासी जगात शिक्षणसंस्थांना जागेच्या भाड्यात निम्मी सवलत मिळत असे. ती नव्या वर्षापासून बंद होणार होती. शेकडो विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी त्या जगात वर्ग, ग्रंथालये, रुग्णालये, न्यायालये उभारली होती. सवलत गेल्यावर त्यांचे भाडे दुप्पट होणार होते. भाडे थकले तर जागा जाणार, आणि जागेबरोबर तिच्यावर घडवलेले सारे काही. आपल्या वर्गाला घरमालक आहे, या गोष्टीचा विचार तोवर फार थोड्यांनी केला होता.

२/
आजचा धागा या वर्गांचा आहे. आधी आभासी जग म्हणजे काय, ते स्पष्ट करून घेऊ. संगणकाच्या जाळ्यावरील अशी जागा, जिथे अनेक माणसे एकाच वेळी वावरतात, एकमेकांची उपस्थिती जाणतात, आणि जी आपण निघून गेल्यावरही टिकून राहते. यातले शेवटचे लक्षण महत्त्वाचे. व्हिडिओवरची बैठक संपली की तिची जागाही संपते. आभासी जगात गटाने काल अर्धवट ठेवलेले काम आज तिथेच सापडते. उच्च शिक्षणात या गुणाचा उपयोग एकत्र शिकण्यासाठी कसा झाला, तो कुठे साधला, कुठे फसला आणि साधलेलेही का हरवले, हे क्रमाने पाहू. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

३/
आरंभ इलिनॉय विद्यापीठात होतो. १९६० साली डोनाल्ड बिट्झर यांनी तेथे ‘प्लेटो’ ही संगणकाद्वारे शिकवण्याची यंत्रणा सुरू केली. तिची मूळ कल्पना एकाकी होती: एक विद्यार्थी, एक पडदा, एक पाठ. यंत्र प्रश्न विचारी, विद्यार्थी उत्तर देई आणि उत्तर पाहून यंत्र त्याला पुढे नेई किंवा मागे आणी. १९७२ च्या सुमारास आलेल्या चौथ्या आवृत्तीत नारिंगी प्रकाशाचा प्लाझ्मा पडदा होता, बोटाने स्पर्श करून उत्तर देण्याची सोय होती, आणि एका मोठ्या संगणकाला शेकडो पडदे जोडता येत होते. शिकणे मात्र अजून यंत्र आणि विद्यार्थी यांच्यातला खासगी व्यवहारच मानले जात होते.

४/
पण शेकडो पडदे एका संगणकाला जोडले की त्या पडद्यांसमोरची माणसेही जोडली जातात. १९७३ मध्ये डग ब्राउन आणि डेव्हिड वूली यांनी प्लेटोवर ‘टॉकोमॅटिक’ लिहिले. त्यात पाच जण एकत्र बोलत आणि प्रत्येकाने टंकलेले अक्षर न् अक्षर इतरांना तत्क्षणी दिसे. १९७५ मध्ये एकाने पाठांसाठी राखून ठेवलेल्या कप्प्यात भुयारातील साहसाचा एक खेळ लिहून ठेवला. व्यवस्थापक तो पुसत आणि तो पुन्हा अवतरे. १९७९ मध्ये आलेल्या ‘अवतार’ या खेळात तर टोळी करूनच भुयारात उतरावे लागे. शिकवण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेत विद्यार्थ्यांनी एकत्र येण्याची जागा स्वतःच शोधून काढली होती.

५/
त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या पीडीपी-१० संगणकावर ‘मड’ लिहायला घेतला. इंग्रजी नावाचा अर्थ ‘अनेकांचे भुयार’. पुढे १९८० मध्ये रिचर्ड बार्टल या सहाध्यायाने त्याची सूत्रे हाती घेतली. या जगात एकही चित्र नव्हते. ‘तुम्ही एका अरुंद वाटेवर उभे आहात, पूर्वेला झाडी आहे’ अशा धर्तीचे वर्णन पडद्यावर उमटे. ‘पूर्व’ असे टंकले की पुढच्या जागेचे वर्णन येई. त्या जागी दुसरा कोणी खेळाडू असेल तर त्याचे नाव दिसे, त्याच्याशी बोलता येई, त्याला मदत करता येई किंवा त्याला लुटताही येई.

६/
विद्यापीठाचा संगणक दिवसा संशोधनासाठी लागे, म्हणून बाहेरचे लोक दूरध्वनीच्या तारेवरून रात्री येत. नवख्याला कोणी नियमपुस्तक देत नसे. तो आधी कडेला राहून पाही, मग एखाद्या मुरलेल्या खेळाडूमागून फिरे, चुका करी, मरे, पुन्हा येई. पुरेसे गुण मिळवलेला खेळाडू ‘विझर्ड’, म्हणजे जादूगार होई आणि त्याच्याकडे त्या जगाची काही व्यवस्था पाहण्याचे अधिकार येत. अभ्यासक्रम नव्हता, परीक्षा नव्हती; तरीही नवशिका कडेवरून मध्यभागी जाण्याची वाट तिथे तयार झाली होती.

७/
१९९१ मध्ये जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी नेमक्या याच वाटेला सिद्धान्ताचे रूप दिले. त्यांच्यापुढचे एक उदाहरण लायबेरियातील शिंप्यांचे होते. तेथे शिकाऊ मुलगा आधी बटणे लावणे, कडा दुमडणे अशी शेवटची, कमी जोखमीची कामे करतो आणि हळूहळू कापड बेतण्याकडे सरकतो. त्याला कोणी समोर बसवून व्याख्यान देत नाही. चालत्या कामात त्याला जागा दिली जाते. गटाने शिकणे म्हणजे एका बाकावर चौघांना बसवणे नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते. काम खरे हवे आणि त्या कामात नवख्याला वाटा हवा. आभासी जगांच्या पुढच्या इतिहासाला हीच कसोटी लावता येते.

८/
मडमध्ये एक उणीव होती. त्या जगात वावरणाऱ्याला ते बदलता येत नसे. खोल्या बांधण्याचे काम लेखकांचे. १९८९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील जेम्स ॲस्पनेस यांनी ‘टायनीमड’ लिहिला आणि ही भिंत पडली. त्यांनी लढाई आणि गुण वगळले व आलेल्या प्रत्येकाला खोल्या खणण्याची, वस्तू घडवण्याची मुभा दिली. १९९० मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी ‘लॅम्डामू’ लोकांसाठी खुला केला. त्याचा नकाशा त्यांच्या स्वतःच्या घरावर बेतलेला होता आणि नवागत प्रथम कोट ठेवण्याच्या कपाटात अवतरे. लॅम्डामूत स्वतंत्र आज्ञावली लिहिता येत असे, त्यामुळे वस्तूंना वागणूकही देता येऊ लागली.

९/
बांधण्याची मुभा हा शिक्षणाचा पाया होऊ शकतो, हे एमआयटीच्या मीडिया लॅबमधील एमी ब्रकमन यांनी ओळखले. त्यांनी जानेवारी १९९३ मध्ये ‘मीडियामू’ सुरू केला. तेथील सीमोर पॅपर्ट यांचे प्रतिपादन असे होते की, माणूस स्वतःला अर्थपूर्ण वाटणारी वस्तू घडवताना, आणि ती इतरांना दाखवता येत असताना सर्वांत चांगले शिकतो. मीडियामू हे त्या विचाराचे प्रत्यक्ष रूप होते. प्रसारमाध्यमांवर संशोधन करणाऱ्यांनी तिथे यावे, आपली खोली, आपली उपकरणे स्वतः लिहावीत आणि परस्परांची कामे पाहत ओळखी वाढवाव्यात, अशी योजना होती. एखाद्याने घडवलेली वस्तू उघडून ती कशी चालते हे पाहणे, हाच तेथला धडा.

१०/
मीडियामूमध्ये ‘मंगळवारचा कॅफे’ भरू लागला. संगणकाच्या साहाय्याने लेखन शिकवणारे वेगवेगळ्या विद्यापीठांतील अध्यापक आठवड्यातून एकदा तिथे जमत आणि वर्गातील अडचणींवर बोलत. आपल्या विभागात या विषयाची आवड असलेला कदाचित एकटाच असलेला अध्यापक येथे समानधर्मीयांत येई. उच्च शिक्षणात या जगांचा पहिला टिकाऊ लाभ विद्यार्थ्यांइतकाच अध्यापकांना झाला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पुढे त्यांतल्या अनेकांनी आपले वर्गही अशा जगांत नेले. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील शाखेत सिंथिया हेन्स आणि यान रुने होल्मेविक यांनी १९९५ मध्ये उभारलेला ‘लिंग्वामू’ भाषा-साहित्याच्या वर्गांसाठी नावाजला गेला.

११/
विज्ञानही मागे नव्हते. इस्रायलमधील वाइझमन संस्थेत १९९३ मध्ये ‘बायोमू’ उभा राहिला. तो जीवशास्त्रज्ञांचे भेटण्याचे ठिकाण होता. १९९५ मध्ये लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयाने प्रथिनांच्या रचनेवरील एक अभ्यासक्रम इंटरनेटवरून चालवला, तेव्हा निरनिराळ्या देशांतील विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक चर्चेसाठी बायोमूत जमत. दूरस्थ शिक्षण म्हणजे टपालाने येणारी पुस्तके आणि एकट्याने सोडवायचे स्वाध्याय, अशी समजूत असलेल्या काळात वर्गमित्रांना भेटण्याची ही सोय नवी होती. ‘डायव्हर्सिटी युनिव्हर्सिटी’ नावाचा मू तर अख्ख्या विद्यापीठाच्या नकाशावर रचला होता. त्यात विविध विषयांचे अध्यापक आपापले वर्ग भरवीत.

१२/
या वर्गांचे गुणदोष स्पष्ट होते. सगळे बोलणे लिखित असल्याने चर्चेची नोंद आपोआप तयार होई, आणि पुढच्या तासाला तीच नोंद समोर ठेवून ‘येथे आपण युक्तिवाद कसा सोडून दिला’ हे दाखवता येई. प्रत्यक्ष वर्गात गप्प बसणारे काही विद्यार्थी लिहिताना मोकळे होत. उलट दहा जण एकाच वेळी टंकू लागले की ओळी सरासर वर सरकत, तीन विषय एकमेकांत गुंतत, आणि ज्याचा हात संथ त्याचे उत्तर येईपर्यंत प्रश्न निघून गेलेला असे. अनुभवी अध्यापकांनी यावर उपाय काढला: मोठ्या गटाचे तीन-चार जणांचे गट करायचे, प्रत्येकाला वेगळी खोली आणि वेगळे काम द्यायचे, आणि शेवटी सर्वांनी एकत्र यायचे.

१३/
आणखी एक गोष्ट त्या वेळी कोणाला विशेष वाटली नाही. मूचे अख्खे जग, त्यातील खोल्या, वस्तू, वर्णने, आज्ञा यांसह, एका फाईलमध्ये साठवले जाई. लॅम्डामूची मूळ आज्ञावली विनामूल्य उपलब्ध होती. विद्यापीठ आपल्याच तळघरातील संगणकावर ती चालवी आणि आपल्या जगाची प्रत काढून ठेवी. उद्या यंत्र बदलले तर ती फाईल नव्या यंत्रावर नेता येई. मूची दुनिया दरिद्री दिसे, पण तिची जमीन विद्यापीठाच्या मालकीची होती. चित्रांच्या मागे लागताना हीच गोष्ट हातून निसटली.

१४/
चित्रांची वाट करमणुकीच्या क्षेत्रातून आली. १९८६ मध्ये लुकासफिल्मसाठी चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी कमोडोर-६४ या घरगुती संगणकावर ‘हॅबिटॅट’ उभारले. त्यात वावरणाऱ्याच्या चित्ररूपासाठी त्यांनी ‘अवतार’ हा शब्द वापरला. संस्कृतातला हा शब्द आज जगभरच्या पडद्यांवर याच अर्थाने रुळला आहे. वरच्या लोकातून खाली उतरून देह धारण करणे, ही मूळ कल्पना संगणकाबाहेरच्या माणसाला चपखल लागू पडली. १९९२ मध्ये नील स्टीफन्सन यांच्या ‘स्नो क्रॅश’ कादंबरीत ‘मेटाव्हर्स’ हा शब्द आला, आणि १९९५ मध्ये ‘ॲक्टिव्ह वर्ल्ड्स’ या त्रिमितीय जगात कोणालाही घरे बांधता येऊ लागली.

१५/
‘सेकंड लाइफ’ जून २००३ मध्ये लोकांसाठी खुले झाले. फिलिप रोझडेल यांनी स्थापन केलेल्या लिंडन लॅबचे हे जग २५६ मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनी प्रदेशांत विभागलेले होते. प्रदेश विकत घ्यायचा आणि दरमहा त्याचे शुल्क भरायचे, अशी रीत. नोव्हेंबर २००३ मध्ये कंपनीने जाहीर केले की रहिवाशांनी घडवलेल्या वस्तूंवरचे बौद्धिक हक्क रहिवाशांचेच राहतील. हा निर्णय उदार होता आणि त्यामुळेच निर्माते तिकडे वळले. पण हक्क आपला असला तरी वस्तू राहत होती कंपनीच्या संगणकांवर. घराचा आराखडा भाडेकरूचा, वीट आणि जमीन मालकाची, असा हा करार होता.

१६/
विद्यापीठे वेगाने आली. २००६ च्या शरद सत्रात हार्वर्डच्या विधी महाविद्यालयातील चार्ल्स नेसन आणि त्यांच्या कन्या रिबेका नेसन यांनी ‘सायबरवन’ हा अभ्यासक्रम घेतला. विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी, हार्वर्डच्या एक्स्टेन्शन स्कूलचे विद्यार्थी आणि जाळ्यावरून येणारा कोणीही जिज्ञासू, असे तीन थर त्यात होते. एक्स्टेन्शन स्कूलचे वर्ग सेकंड लाइफमधील एका बेटावर भरत आणि तिथे विधी महाविद्यालयाच्या ऑस्टिन हॉलची प्रतिकृती उभारलेली होती. ब्रिटनमध्येही दशकाच्या अखेरीस बहुसंख्य विद्यापीठांत सेकंड लाइफचा काही ना काही प्रयोग चालू होता. सेकंड लाइफ आणि मूडल यांची सांगड घालणारे ‘स्लूडल’ही याच काळातले.

१७/
येथे एक गंमतीची चूक घडली. पुष्कळ संस्थांनी आपल्या इमारतींच्या हुबेहूब प्रतिकृती उभारल्या: उतरत्या रांगांचे व्याख्यानगृह, खुर्च्या, व्यासपीठ, मागे पडदा. उडता येणाऱ्या, कधीही न थकणाऱ्या अवतारांना रांगेत बसवून त्यांना स्लाइड दाखवल्या जाऊ लागल्या. एका प्रदेशात एकाच वेळी थोडेच अवतार मावत. गर्दी वाढली की सगळ्यांच्या हालचाली अडखळत. विद्यापीठांची संगणक-सुरक्षा यंत्रणा अनेकदा हे जग अडवून धरी. जुन्या संगणकावर चित्र उमटत नसे. पहिले दोन तास चालायला आणि कपडे बदलायला शिकण्यात जात. एवढे सोसून शेवटी व्याख्यानच ऐकायचे असेल, तर विद्यार्थी पुन्हा कशाला येईल?

१८/
काही प्रयोगांनी मात्र वेगळी दिशा धरली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील मनोविकारतज्ज्ञ पीटर यलोलीज यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांशी बोलून सेकंड लाइफमध्ये एक रुग्णालयीन कक्ष उभारला. त्यातून फिरताना रुग्णांना होणारे भास पाहुण्याला दिसत आणि ऐकू येत: आवाज बोलू लागत, पायाखालची जमीन नाहीशी होई. पुस्तकातील लक्षणांची यादी वाचण्यापेक्षा हा अनुभव वेगळा होता. तरी तो एकट्याचा होता. पाहुणा येई, पाही आणि जाई. त्याला कोणाची गरज नव्हती आणि त्याच्या येण्याने त्या कक्षात काही बदलतही नव्हते.

१९/
गटाने शिकण्याचा खरा कस लंडन आणि कॉव्हेंट्री येथे लागला. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९६९ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने आपले वैद्यकीय महाविद्यालय सुरू करताना समस्येभोवती शिकण्याची पद्धत स्वीकारली. आधी व्याख्यान आणि मग रुग्ण, हा क्रम त्यांनी उलटवला. छोट्या गटापुढे रुग्णाची हकीगत ठेवायची. आपल्याला काय ठाऊक आहे, काय शोधायला हवे, कोणी काय वाचून यायचे, हे गटाने ठरवायचे. अध्यापक सोबत बसतो, पण उत्तर सांगत नाही. ही पद्धत जगभर पसरली. तिची अडचण एकच: रुग्ण कागदावर असतो, आणि कागदावरचा रुग्ण आपण वाद घालत असताना स्वस्थ थांबून राहतो.

२०/
२००८ च्या सुमारास लंडनचे सेंट जॉर्जेस विद्यापीठ आणि कॉव्हेंट्री विद्यापीठ यांनी ‘प्रिव्ह्यू’ या प्रकल्पात ही पद्धत सेकंड लाइफमध्ये नेली. मॅगी सॅव्हिन-बेडन यांसारख्या या पद्धतीच्या अभ्यासक त्यात होत्या. सेंट जॉर्जेसमध्ये रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या आपत्कालीन आरोग्यसेवकांचे शिक्षण चाले. त्या विद्यार्थ्यांचा छोटा गट अवतार धारण करून घटनास्थळी पोहोचे. समोर रुग्ण पडलेला. नाडी तपासायची, प्राणवायू द्यायचा, जखम बांधायची, उपकरण निवडायचे. प्रत्येक कृतीचा निर्णय गटाने घ्यायचा. शेवटी रुग्णाला रुग्णालयात पोहोचवून त्याची हकीगत लिहून द्यायची, आणि ती नोंद खऱ्या अध्यापकाकडे जाई.

२१/
या रचनेत काय साधले ते पाहू. कामाला गटाची गरज होती. एकट्याने सगळे पाहणे, करणे आणि नोंदवणे कठीण. निर्णयाला परिणाम होता. आणि ज्या व्यवसायात पुढे दोन-तीन जणांच्या तुकडीनेच काम करायचे, त्याचीच ही तालीम होती. कागदावरच्या प्रकरणापेक्षा हा अनुभव खऱ्या कामाच्या जवळचा वाटल्याचे विद्यार्थ्यांनी सांगितल्याची नोंद आहे. तांत्रिक अडथळ्यांच्या तक्रारीही त्याच नोंदींत आहेत. लायबेरियातील शिंप्यांची कसोटी येथे उतरते: काम खऱ्यासारखे होते आणि त्यात प्रत्येकाला वाटा होता. यासाठी भव्य इमारतीची गरज पडली नाही. एक रस्ता, एक रुग्ण आणि एक पिशवी पुरली.

२२/
आणि मग २०१० आले. जूनमध्ये लिंडन लॅबने आपले सुमारे ३० टक्के कर्मचारी कमी केले; ऑक्टोबरात शिक्षणसंस्थांची सवलत काढून घेतली. आर्थिक मंदीने विद्यापीठांच्या तिजोऱ्या आधीच आटल्या होत्या. काहींनी ‘ओपनसिम्युलेटर’ या २००७ पासून घडत असलेल्या मुक्त पर्यायाची वाट धरली. त्यात अख्खा प्रदेश एका फाईलमध्ये जतन करता येत होता. मूची जुनी सोय नव्या रूपात परतली होती. पण सेकंड लाइफमधून सामान हलवणे अवघड होते. इतरांकडून घेतलेल्या भिंती, झाडे, खाटा बाहेर नेण्याची परवानगी नव्हती. पुष्कळ ठिकाणी नव्याने बांधणे हाच मार्ग उरला, आणि पुष्कळांनी तो घेतला नाही.

२३/
२०१३ मध्ये कंपनीने सवलत पुन्हा सुरू केली, पण मोडलेला विश्वास आणि विखुरलेले गट सवलतीने परत येत नाहीत. सेकंड लाइफमध्ये मोठे शैक्षणिक संकुल उभारणारी ‘न्यू मीडिया कन्सॉर्शियम’ ही संस्थाच डिसेंबर २०१७ मध्ये बंद पडली. हीच गोष्ट पुढेही घडत राहिली. मायक्रोसॉफ्टने ‘ऑल्टस्पेस’ हे आभासी जग मार्च २०२३ मध्ये बंद केले. अनेक वर्गांत वापरली गेलेली ‘मोझिला हब्ज’ ही सेवा मे २०२४ अखेर थांबली. मात्र तिची आज्ञावली खुली असल्याने ज्यांना हवे होते त्यांना ती स्वतःच्या यंत्रावर चालवता आली. दोन अंतांमधला हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

२४/
२०२० च्या टाळेबंदीत आपण सर्वांनी दुसऱ्या टोकाचा वर्ग पाहिला: काळे चौकोन, त्यांवर नावे, आणि ‘आवाज येतोय का?’ हा प्रश्न. त्याच मे महिन्यात बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ‘माइनक्राफ्ट’मध्ये आपले संपूर्ण आवार ठोकळा-ठोकळा रचून उभे केले आणि १६ मे रोजी तिथेच पदवीदानाचा समारंभ केला. प्राध्यापकांनी हे काम नेमून दिले नव्हते. कोणी मोजमापे काढली, कोणी छते रचली, कोणी यंत्रणा सांभाळली. समारंभाला विद्यापीठाच्या प्रमुखही आपल्या अवतारासह उपस्थित होत्या. ज्या आवारातून ते बाहेर फेकले गेले होते, ते त्यांनी एकत्र बांधून परत मिळवले. आणि ते एका फाईलमध्ये जतन करता येण्याजोगे होते.

२५/
आपल्याकडे केंद्र सरकारच्या योजनेतून उभ्या राहिलेल्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’ आहेत; आयआयटी मुंबई आणि पुण्याचे सीओईपी त्यात सहभागी आहेत. त्यांची जमीन सार्वजनिक आहे, ही मोठी जमेची बाजू. पण तेथील प्रयोग बहुतांशी एकट्याने करण्याचे आहेत. प्लेटोच्या मूळ पडद्यासारखे. दुसरीकडे २०२२ मध्ये ‘मेटा’च्या पाठबळाने अमेरिकेतील दहा महाविद्यालये-विद्यापीठांच्या त्रिमितीय प्रतिकृती उभ्या राहू लागल्या; त्या पाहताना २००६ ची व्याख्यानगृहे आठवतात. म्हणून कोणी आपल्या महाविद्यालयात असे जग विकायला आले, तर तीन प्रश्न विचारावेत. या कामात विद्यार्थ्यांना एकमेकांची गरज पडेल का? त्यांना या जागेत काही बांधता, बदलता येईल का? आणि उद्या आपले दुकान बंद झाले, तर आमच्या मुलांनी घडवलेले आम्ही कुठे आणि कसे न्यायचे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे.

धागा समाप्त.